वायपरच्या टाकीतले पाणी

प्रवासाला निघण्यापूर्वी गाडीची पाहणी करण्याची पद्धत बहुतेक घरांत असते. चाकांतील हवा, इंजिनातील ऑइल, रेडिएटरचे पाणी, ब्रेक, दिवे, झालेच तर डिकीतील स्टेपनी. एवढे पाहून झाले म्हणजे घरातील वडीलधारी माणसे निर्धास्त होतात. बॉनेटखाली आणखी एक छोटी टाकी असते. तिच्या झाकणावर काचेचे आणि कारंज्याचे लहानसे चित्र असते. समोरच्या काचेवर धूळ बसली की चालक स्टिअरिंगजवळची दांडी ओढतो, काचेखालून पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात, वायपर फिरतात आणि काच स्वच्छ होते. ती टाकी केव्हा भरली, कोणत्या पाण्याने भरली, आतले जुने पाणी कधी काढून टाकले होते काय, असे विचारले तर बहुतेकांपाशी उत्तर नसते. सर्व्हिसिंगच्या वेळी गॅरेजमधला मुलगा नळाचे पाणी भरून देतो. मधल्या काळात चालक प्यायच्या बाटलीत उरलेले पाणी ओततो. टाकी पूर्ण रिकामी झाल्याचा दिवस सहसा उगवतच नाही. जुन्यावर नवे असे ते पाणी वर्षानुवर्षे साचत राहते.

या साचलेल्या पाण्यात माणसाला अपाय करणारे जंतू वाढू शकतील काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटतो. ते पाणी कोणी पीत नाही, त्यात कोणी हात धुत नाही. तरीही इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी तो गांभीर्याने विचारला आणि जे उत्तर हाती आले ते गाडीत रोज तासन्‌तास बसणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे. मात्र ते समजण्यासाठी आधी ज्या जंतूचा हा विषय आहे त्याची ओळख करून घेतली पाहिजे.

फिलाडेल्फियाचे हॉटेल

१९७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे द्विशताब्दी वर्ष. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात फिलाडेल्फिया शहरातील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या जुन्या, नामांकित हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले. चार दिवसांचा सोहळा आटोपून मंडळी आपापल्या गावी परतली आणि एकेक जण तापाने फणफणू लागला. कोरडा खोकला, छातीत दुखणे, धाप, आणि पाहता पाहता फुप्फुसांचा तीव्र दाह. एकूण २२१ माणसे आजारी पडली आणि त्यांपैकी ३४ दगावली. अन्नातून विषबाधा, धातूचे विष, नव्या प्रकारचा फ्लू अशा नाना शंका घेतल्या गेल्या. सर्वांना चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की, हॉटेलात पाऊलही न टाकलेली, समोरच्या ब्रॉड स्ट्रीटवरून नुसती चालत गेलेली काही माणसेही आजारी पडली होती. भीतीपोटी गिऱ्हाईक इतके तुटले की त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते हॉटेल बंद करावे लागले.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातील जोसेफ मॅकडेड हे शास्त्रज्ञ अनेक महिने या आजाराचा माग काढत होते. डिसेंबरच्या अखेरीस, नाताळच्या सुट्टीत, त्यांनी पूर्वी पाहून बाजूला ठेवलेल्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. काडीच्या आकाराचे काही जीवाणू त्यांना दिसले. पहिल्या वेळी ज्यांच्याकडे दुर्लक्ष झाले होते तेच खरे कारण ठरले आणि १९७७ च्या जानेवारीत तसे जाहीर करण्यात आले. ‘लीजन’च्या सदस्यांवरून या जीवाणूला लीजिओनेला हे नाव मिळाले आणि आजाराला ‘लीजनेअर्स रोग’. संशयाची सुई हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेकडे वळली होती. त्या यंत्रणेतून उडणारे पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार हवेबरोबर आत आणि बाहेरही पसरत होते, म्हणजे रस्त्यावरील पादचाऱ्याचे कोडेही उलगडत होते.

हा जीवाणू नवा नव्हता. नद्या, तळी, ओलसर माती अशा ठिकाणी तो थोड्या प्रमाणात नेहमीच असतो आणि तिथे त्याचा फारसा उपद्रव होत नाही. माणसाने पाणी साठवण्याची, कोमट ठेवण्याची आणि त्याचे तुषार उडवण्याची नवनवी साधने निर्माण केली, तेव्हा त्याला सोयीचे घर मिळाले. त्याच्या आवडीनिवडी आता चांगल्या माहीत झाल्या आहेत. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात तो वाढतो. त्याहून थंड पाण्यात तो मरत नाही, निपचित पडून राहतो. ६० अंशांच्या वर त्याचा टिकाव लागत नाही. पाणी वाहते नसावे, भांड्याच्या आतल्या बाजूस बुळबुळीत थर जमलेला असावा, एवढे त्याला पुरते.

त्या बुळबुळीत थरात एक विलक्षण नाट्य घडते. पाण्यातील अमीबा हे एकपेशीय जीव जीवाणूंवर जगतात. अमीबा लीजिओनेलालाही गिळतो, पण तो पचत नाही. अमीबाच्या पोटात राहून तो तिथेच वाढतो, संख्येने अनेकपट होतो आणि अखेर आपल्या यजमानालाच फोडून बाहेर पडतो. माणसाच्या फुप्फुसांत जंतूंना गिळून नष्ट करणाऱ्या रक्षक पेशी असतात. त्यांचे काम अमीबाच्या भक्षणासारखेच चालते. ज्याने अमीबाला चकवले तो जीवाणू या रक्षक पेशींनाही त्याच युक्तीने चकवतो. म्हणूनच पोटात गेलेले पाणी या बाबतीत क्वचितच घातक ठरते. धोका असतो तो श्वासावाटे आत गेलेल्या अदृश्य तुषारांचा. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार सहसा लागत नाही, हीही दिलासा देणारी बाब.

इंग्लंडमधील शोध

इंग्लंड आणि वेल्समध्ये दरवर्षी लीजनेअर्स रोगाचे काही रुग्ण असे आढळत की त्यांचा उगमच सापडत नसे. ते ना परदेशी गेलेले, ना रुग्णालयात राहिलेले, ना एखाद्या साथीतले. एकेकटे, विखुरलेले रुग्ण. त्यांच्या नोंदी पाहताना अधिकाऱ्यांच्या लक्षात आले की, यांत व्यवसायाने चालक असलेली माणसे अपेक्षेपेक्षा सुमारे पाचपटींनी अधिक आहेत. गाडी चालवण्याचा आणि पाण्यातून येणाऱ्या या आजाराचा काय संबंध असावा?

व्यापारात एखाद्या गोदामातील माल वारंवार खराब होऊ लागला, तर जाणता व्यापारी खराब झालेली आणि चांगली राहिलेली पोती शेजारी शेजारी ठेवून फरक शोधतो. कोणती भिंतीलगत होती, कोणती फळीवर होती, कोणत्या गाडीने आली होती. साथरोगतज्ज्ञांची रीतही हीच. तेथील हेल्थ प्रोटेक्शन एजन्सीने २००८-०९ मध्ये एका बाजूला रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याशी जुळणारी निरोगी माणसे घेऊन त्यांच्या राहणीची, प्रवासाची, गाडीची बारीकसारीक विचारपूस केली. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औद्योगिक भागातून गाडीने जाणे आणि व्हॅनने प्रवास करणे या गोष्टी रुग्णांमध्ये अधिक आढळल्या. पण सर्वांत ठळक फरक निघाला तो काच धुण्याच्या टाकीत. त्या टाकीत ज्यांनी नुसते पाणी भरले होते, त्यांच्यात आजाराचे प्रमाण पुष्कळ जास्त होते. काच धुण्याचे तयार द्रव, ज्याला तिकडे स्क्रीनवॉश म्हणतात, ते मिसळणाऱ्यांत ते कमी होते. विखुरलेल्या रुग्णांपैकी सुमारे एकपंचमांश रुग्णांचे मूळ या साध्या पाण्यात असू शकेल, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला. काही गाड्यांच्या टाक्यांतील पाणीही तपासण्यात आले. स्क्रीनवॉश नसलेल्या दर पाच गाड्यांपैकी एकीत लीजिओनेलाच्या खुणा मिळाल्या. स्क्रीनवॉश असलेल्या गाड्यांत मिळाल्या नाहीत.

टाकीतले पाणी चालकाच्या श्वासात जाते कसे, याचे उत्तर गाडीच्या रचनेत आहे. नोझलच्या बारीक छिद्रातून दाबाने उडालेल्या पाण्याचा काही भाग तुषार होऊन हवेत तरंगतो. बहुतेक मोटारगाड्यांत बाहेरची हवा आत घेणारी जाळी नेमकी समोरच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेटच्या मागच्या कडेला असते. पिचकारी उडवली की आत क्षणभर साबणाचा किंवा दमट वास येतो, हा अनुभव पुष्कळांचा असेल. वास ज्या वाटेने येतो तीच वाट तुषारांची. खिडकी उघडी असेल तर दुसरी वाट.

या अभ्यासाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण अशा बातम्या घरोघरी पोहोचेपर्यंत ‘वायपरच्या पाण्याने न्यूमोनिया होतो’ एवढेच चार शब्द उरतात. त्यात रुग्ण आणि निरोगी मिळून माणसे दीडशेच्याही आत होती. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, एकीमुळेच दुसरी घडली असे प्रत्येक रुग्णाबाबत सिद्ध झाले नाही. टाकीत जंतू सापडणे आणि त्या जंतूंनी माणूस आजारी पडणे यांत बरेच अंतर आहे. लीजनेअर्स रोगाच्या मोठ्या साथींचे मूळ आजही मुख्यतः मोठ्या इमारतींचे शीतकरण मनोरे, हॉटेलांतील आणि रुग्णालयांतील गरम पाण्याच्या नळवाहिन्या, शॉवर, कारंजी यांतच सापडते. गाडीची टाकी हा त्या यादीतला एक छोटा, पण सर्वांत सहज दुरुस्त होणारा घटक आहे.

शाळेच्या बारा बसगाड्या

इंग्लंडचे हवामान थंड. तिथे जे जंतू तग धरतात ते उष्ण प्रदेशात काय करतील, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न होता. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्य वाळवंटी; उन्हाळ्यात तेथील पारा चाळिशी सहज ओलांडतो. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतील ओटो श्वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना शाळेत नेणाऱ्या बारा बसगाड्यांच्या काच धुण्याच्या टाक्या तपासल्या. २०१४ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायॉलॉजीच्या सभेत मांडली आणि पुढे ती शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. घेतलेल्या नमुन्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत लीजिओनेला मिळाला. एका मिलिलिटर पाण्यात, म्हणजे अवघ्या वीस थेंबांत, जीवाणूंचे प्रमाण ८० हजारांच्या घरात गेलेले आढळले. पिचकारीतून उडालेल्या तुषारांतही जिवंत जीवाणू सापडले. या बसगाड्यांमुळे एखादे मूल आजारी पडले, असे मात्र त्या अभ्यासात कोठेही म्हटलेले नाही.

प्रयोगशाळेत त्यांनी आणखी दोन गोष्टी पाहिल्या. टाकीत भरलेल्या साध्या नळाच्या पाण्यात हा जीवाणू वाढला आणि कित्येक महिने टिकून राहिला. बाजारात मिळणाऱ्या वेगवेगळ्या द्रवांत मात्र त्याचे वर्तन सारखे नव्हते. काहींत तो लवकर मेला, तर एका द्रवात शुद्ध पाण्याइतकाच किंवा त्याहूनही अधिक काळ जगला. म्हणजे बाटलीतले निळे पाणी ओतले की झाले, अशीही समजूत करून घेता येत नाही. ज्या द्रवांत पुरेसे अल्कोहोल असते ते जीवाणूंना अधिक प्रतिकूल. नुसता रंग आणि सुवास घातलेल्या साबणी पाण्याचा तसा भरवसा नाही.

यातून एक गमतीशीर विरोधाभास पुढे येतो. थंड देशांत स्क्रीनवॉश वापरतात तो जंतूंच्या भीतीने नव्हे. हिवाळ्यात टाकीतले पाणी गोठून टाकी फुटू नये, पिचकारीचे पाणी काचेवर बर्फ होऊन बसू नये, यासाठी त्यात अल्कोहोल मिसळलेले असते. जीवाणूंपासून संरक्षण हा त्याचा न मागता मिळालेला लाभ. जिथे पाणी गोठतच नाही, तिथे असे द्रव विकत घेण्याची निकड कोणाला भासत नाही. आणि नेमक्या त्याच प्रदेशांत टाकीतले पाणी जीवाणूंना हवे तसे कोमट असते. महाराष्ट्राचे हवामान याच दुसऱ्या प्रकारात मोडते. सोलापूर, जळगाव किंवा नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली २० ते ४५ अंशांची मर्यादा वर्षाचे बहुतेक दिवस आपसूक गाठली जाते. त्यात आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने पाऊसच काच धुऊन देतो, पिचकारीची गरज कमी पडते आणि आतले पाणी न हलता पडून राहते. मग येतो ऑक्टोबरचा उकाडा.

घरातले पाणी आणि गाडीतले पाणी

ज्या घरांत पाणी गाळल्याशिवाय वापरायचे नाही असा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक आहे, जिथे गाळलेल्या पाण्याला एका मुहूर्ताची आणि उकळलेल्या पाण्याला ऋतुमानाप्रमाणे काही प्रहरांची मर्यादा मानली जाते, जिथे जिवाणी जपून मूळ ठिकाणी पोहोचवण्याची काळजी घेतली जात असे, त्या घरांना ‘साचलेल्या पाण्यात जीवोत्पत्ती होते’ हे सूक्ष्मदर्शकाने सांगण्याची आवश्यकता नाही. तरीही स्वयंपाकघरातील पाण्याला लावलेली ही दृष्टी अंगणातील गाडीपर्यंत पोहोचलेली नसते. एखादा चिकित्सक वाचक विचारील की, द्रव घालून जीवाणू मारणे हे तरी योग्य कसे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही व्यवहारात सोपे आहे. आधी वाढू द्यायचे आणि मग मारायचे, याऐवजी पाणी साचूच न देणे, टाकी धुऊन कोरडी करून ताज्या मिश्रणानेच भरणे, यात उत्पत्तीलाच वाव राहत नाही. जयणेचा अर्थ येथे पाणी वेळेवर बदलणे एवढाच होतो.

काही चांगल्या सवयी मात्र या ठिकाणी उपयोगी पडत नाहीत. कापडाने गाळलेल्या पाण्यातून कचरा आणि डोळ्यांना दिसणारे जीव निघतात, जीवाणू निघत नाहीत. त्यांची लांबी एका मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या हिश्शाएवढी असते. उकळून गार केलेले पाणी ओतले तरी टाकीच्या आतील बुळबुळीत थरात जे आहे ते त्यात लगेच मिसळते. क्षारांमुळे नोझल चोंदू नये म्हणून पुष्कळ जण फिल्टरचे शुद्ध पाणी भरतात. नोझलसाठी ते उत्तमच, पण नगरपालिकेच्या नळाला येणारा जो थोडाफार क्लोरीन असतो तोही त्या पाण्यात उरलेला नसतो. अर्थात नळाच्या पाण्यातला क्लोरीनही उष्ण टाकीत काही दिवसांतच उडून जातो. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी बादलीत धरून गाडीत ओतण्याची काटकसर काही घरांत केली जाते. ते पाणी यासाठी वापरू नये, झाडांना घालावे.

आजाराची ओळख

लीजनेअर्स रोग कोणालाही होऊ शकतो, पण पन्नाशी ओलांडलेले, धूम्रपान करणारे, मधुमेही, मूत्रपिंडाचे किंवा फुप्फुसांचे जुने विकार असलेले आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारे लोक यांना त्याचा धोका अधिक. जीवाणू शरीरात गेल्यापासून साधारण दोन ते दहा दिवसांनी तीव्र ताप, डोकेदुखी, अंगदुखी, कोरडा खोकला आणि धाप सुरू होते. काहींना जुलाब होतात; वृद्ध माणसे गोंधळल्यासारखी, असंबद्ध बोलू लागतात. बाहेरून पाहता हा इतर न्यूमोनियासारखाच दिसतो आणि अडचण तिथेच आहे. न्यूमोनियासाठी प्रथम दिली जाणारी पेनिसिलिनच्या कुळातील औषधे यावर चालत नाहीत, कारण जीवाणू पेशींच्या आत दडलेला असतो. अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी पेशींच्या आत पोहोचणारी प्रतिजैविके चांगला गुण देतात. ती वेळेवर सुरू झाली तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. उशीर झाल्यास मृत्यूचे प्रमाण वाढते.

लघवीच्या तपासणीतून या जीवाणूच्या सर्वांत नेहमीच्या प्रकाराचे निदान काही तासांत होऊ शकते. पण तपासणी मागितली तरच ती होते, आणि डॉक्टरांच्या मनात शंका यावी यासाठी रुग्णाच्या घरच्यांनी काही गोष्टी न विचारता सांगायला हव्यात. गेल्या दोन आठवड्यांत रुग्ण कोठे मुक्कामाला होता, हॉटेलात किंवा धर्मशाळेत शॉवरने आंघोळ केली होती काय, व्यवसायाने चालक आहे काय, रोज किती वेळ गाडीत असतो. औषध कोणते घ्यायचे हा निर्णय डॉक्टरांचाच. घरी उरलेल्या गोळ्या देऊन पाहण्याचा मोह टाळावा.

मुक्कामाचा उल्लेख निघाला आहे म्हणून एक जोड सूचना. यात्रेच्या निमित्ताने दीर्घकाळ बंद असलेल्या खोलीत उतरण्याचा प्रसंग येतो. तिथे पोहोचताच शॉवरखाली उभे न राहता आधी खिडकी उघडून, नळ आणि शॉवर काही मिनिटे सोडून, आपण बाहेर थांबावे. गाडीच्या टाकीपेक्षा या ठिकाणचा धोका मोठा आहे.

टाकीची निगा

गाडीची टाकी साफ करणे अर्ध्या तासाचे काम. जुने पाणी पिचकारी उडवून संपवू नये. ज्या तुषारांची भीती तेच त्यातून निर्माण होतात, शिवाय कोरडा चाललेला पंप जळण्याची शक्यता असते. गॅरेजमध्ये टाकीखालची नळी सोडवून पाणी खाली काढता येते, किंवा वरून बारीक नळी घालून ते खेचता येते. नळीला तोंड लावून मात्र ओढू नये. आत हिरवट थर किंवा गाळ असेल तर टाकी उतरवून घासून घ्यावी. ब्लीच किंवा फिनेल घालण्याचा उत्साह टाळलेला बरा. त्याने पंपाचे रबर आणि गाडीचा रंग खराब होतो, आणि वास पुन्हा त्याच जाळीतून आत येतो. भांडी घासण्याच्या साबणाने फेस होऊन काच धूसर होते, पुढे नोझल चोंदतात. काच धुण्यासाठी बनवलेले द्रव घ्यावे, बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे आणि ते प्रमाण पैसे वाचवण्यासाठी पातळ करू नये. एका बाटलीला एका वेळच्या पेट्रोलच्या मानाने फारसा खर्च येत नाही.

या द्रवांबाबत सावधगिरीची एक बाजू आहे. काही द्रवांत मिथेनॉल असते. हे अल्कोहोल थोडे जरी पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते, प्राणही जाऊ शकतो. युरोपीय संघाने २०१८ मध्ये सामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या अशा द्रवांतील मिथेनॉलवर कडक मर्यादा घातली ती याच कारणाने. निळेशार, गोड सरबतासारखे दिसणारे हे पाणी प्यायच्या जुन्या बाटलीत भरून गाडीत ठेवू नये. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

पिचकारी उडवताना काचा वर असाव्यात आणि एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवावा. मागच्या आसनावर आजी-आजोबा किंवा नुकतेच आजारातून उठलेले कोणी असेल तर ही दक्षता अधिक.

स्वतःच्या मोटारीपेक्षा दुकानाच्या आणि कारखान्याच्या गाड्यांकडे लक्ष देण्याची गरज जास्त आहे. घरची गाडी दिवसात तासभर चालते. माल पोहोचवणाऱ्या टेम्पोत, व्हॅनमध्ये चालक आणि त्याचा मदतनीस सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेले असतात, वारा यावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवतात, धुळीच्या रस्त्यांवर दिवसातून अनेकदा काच धुतात आणि टाकीत जे हाती लागेल ते पाणी भरतात. इंग्लंडच्या अभ्यासात व्हॅनचा उल्लेख ठळकपणे आला होता, हे येथे आठवावे. चालकाला द्रवाची बाटली पेढीने विकत आणून द्यावी. त्याच्या पगारातून तो ती घेईल अशी अपेक्षा धरणे व्यवहाराला धरून होणार नाही. दसऱ्याला गाड्या धुऊन त्यांना झेंडूच्या माळा घातल्या जातात आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उन्हाळा ऐन भरात असतो. वर्षातले हे दोन दिवस टाकी रिकामी करण्यासाठी ठरवून टाकले आणि ऑइल बदलल्याची तारीख जिथे लिहितात त्याच पानावर टाकी धुतल्याची तारीखही लिहिली, म्हणजे ‘पाणी केव्हा बदलले’ याचे उत्तर प्रत्येक गाडीत सापडेल.